मी दोघांनाही निवडून आणलं

आमच्या शेजारच्या पैलवानांची मिशी माझ्यामुळे गेली, आणि ती त्यांचे वडील हयात असताना गेली. यात मतदारांचा दोष नाही, हवेचा नाही, मतदान यंत्राचा तर मुळीच नाही. दोष माझा आहे. हे वाक्य लिहायला सोपं दिसतं, पण इथवर यायला मला निकालानंतर पुष्कळ दिवस लागले, आणि ते सगळे दिवस मी दोष नेमका कुणाचा याचं विश्लेषण करण्यात घालवले. विश्लेषण ही माझी जुनी खोड आहे.

पोटापाण्यासाठी मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाला मी आमच्या लोकसभा मतदारसंघाच्या निवडणुकांचा इतिहास लिहून दिला. पहिल्या निवडणुकीपासूनचा. सुरुवातीला इथून एकाच वेळी दोन-दोन खासदार कसे निवडून जायचे, हद्दी पुन्हापुन्हा कशा बदलल्या, शिरोळकडचा उसाचा पट्टा शेजारच्या मतदारसंघात आणि आजरा, गगनबावड्याचा डोंगर आमच्याकडे असं का झालं, सगळं राज्य एकीकडे जात असताना इथले लोक दुसरीकडे कसे गेले, अपक्षालाही त्यांनी दिल्लीला कसं धाडलं. लेख फारसा कुणी वाचला नाही. त्याच्या मधोमध दागिन्यांची पानभर जाहिरात होती, आणि ओळखीचे लोक मला त्या जाहिरातीबद्दलच विचारत. पण एका स्थानिक चॅनेलवाल्याने तो वाचला आणि मला चर्चेला बोलावलं. माझ्या नावाखाली पट्टी आली, 'निवडणूक अभ्यासक'. बायकोने टीव्हीसमोर उभं राहून त्या पट्टीचा फोटो काढला. तो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे.

तेव्हापासून निवडणूक लागली की मला घराबाहेर पडायची सोय राहिली नाही, आणि खरं सांगायचं तर मीच कारण काढून घराबाहेर पडू लागलो. "सर, काय हुतंय?" असं कुणीतरी विचारावं म्हणून मी कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी दोन गल्ल्या फिरून आलेलो आहे.

माझी अडचण अशी, की समोरच्याचा चेहरा पडलेला मला बघवत नाही. वर्गातही एखादं पोरगं चुकीचं उत्तर देतं तेव्हा मी म्हणतो, "एका अर्थाने बरोबर." निवडणुकीच्या बाबतीत ही खोड जास्तच महाग पडते, कारण आमच्या मतदारसंघाच्या इतिहासात सगळ्या प्रकारचे निकाल आहेत. जुन्या घराण्याला धरून राहिल्याचा दाखला हवा, तर आहे. जुन्या घराण्याला घरी बसवल्याचा हवा, तर तोही आहे. विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं आणि त्याप्रमाणे दाखला काढायचा. याला मी अभ्यास म्हणत होतो.

पैलवान आमचे लागूनच शेजारी. आमच्या दोन घरांत मिळून एकच भिंत आहे. ते साठीला आलेले आहेत, तालीम सुटून खूप वर्षं झाली, पण गल्लीने त्यांना दुसरं नाव दिलं नाही. त्यांच्याकडे कुस्तीच्या काळातल्या दोनच गोष्टी उरल्या होत्या, कान आणि मिशी. कान मोडलेले होते. मिशी मात्र शाबूत होती, भरगच्च, टोकांना जरा वर वळलेली, आणि दर पंधरवड्याला काळी होणारी.

त्यांचे वडील, म्हणजे आबा, नव्वदी कधीच ओलांडून गेलेले. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, पण ऐकू चांगलं येतं आणि जीभ तर फारच चांगली चालते. पहिल्या निवडणुकीपासून आबांनी एकही मतदान चुकवलेलं नाही. माझ्या लेखातला निम्मा रंग त्यांचा होता. रविवारी सकाळी मी त्यांच्यापाशी जाऊन बसायचो. ते सांगायचे, "पैल्या टायमाला दर उमेदवाराची पेटी येगळी हुती. मी आत गेलो आन् कागूद कुठल्या पेटीत टाकायचा तेच इसरलो. भाईर येऊन परत इचारलं." त्यांची निवडणूक वर्षाने नव्हे, म्हशीने ओळखायची. "मोठी म्हस याली तवाची ती निवडणूक." मग मी पुस्तकात बघून म्हणायचो, "आबा, ती लोकसभा नव्हती, विधानसभा होती." ते म्हणायचे, "म्हशीला काय फरक पडतोय?"

आता मिशीचं सांगायला हवं. आमच्याकडे बाप गेला की मुलगा डोक्यावरचे केस आणि मिशी उतरवतो. बाप हयात असताना मिशीला वस्तरा लावत नाहीत. कॉलेजातली पोरं हे मानत नाहीत, त्यांचे बापही मानत नाहीत, पण पैलवान मानायचे आणि आबा तर मानायचेच. माझी स्वतःची मिशी मी वडील गेले तेव्हा उतरवली. पुन्हा ठेवली नाही, कारण चॅनेलवाला म्हणाला तुमचा चेहरा असाच बरा दिसतो. म्हणजे मिशी जाण्याचा अर्थ मला माहीत नव्हता, असंही मला म्हणता येत नाही.

संध्याकाळी आम्ही बऱ्याचदा दूधकट्ट्यावर जायचो. तिथे म्हशी रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहतात, समोर धार काढतात आणि फेसाळ कोमट दूध पेल्यातून तिथल्या तिथे प्यायचं. गेल्या लोकसभेचा प्रचार ऐन भरात होता. आमच्या भागातला एक रिक्षावाला कट्ट्यावर होता. तोही भल्या मिशीचा, पण दुसऱ्या बाजूचा.

"पैलवान," तो म्हणाला, "तुमचा माणूस ह्या टायमाला घरी बसतोय. आत्ताच सांगून ठेवतोय."

"तुला कोण इचारतंय? हितं सर उभं हाईत की. सरांना इचार."

सगळे माझ्याकडे वळले. दूधवाल्यानेसुद्धा मान वळवली. मी पेला खाली घेतला आणि सुरुवात केली, "या मतदारसंघाचा इतिहास पाहिला, तर..."

"इतिहास ऱ्हावू द्या सर," रिक्षावाला म्हणाला. "येतोय का न्हाय, तेवढं सांगा."

पैलवान माझ्या तोंडाकडे बघत होते. एवढा मोठा माणूस, पण परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखा. मी म्हणालो, "येतोय."

"निवांत येतोय का काठावर?"

"निवांत," मी म्हणालो. हे कुणी विचारलं नसतं तरी चाललं असतं, आणि विचारल्यावर मी काठावर म्हणालो असतो तरी चाललं असतं.

पैलवानांनी मिशीवरून हात फिरवला. "मिशी लावतो," ते म्हणाले. "माझा माणूस पडला तर मी काढतो. तुझा पडला तर तू काढ."

 दूधवाला म्हणाला, "पैलवान, काय बोलतासा? आबा हाईत अजून."

"हाईत म्हणूनच लावतोय. मला ठावं हाय ती जायची न्हाय. सर बोलल्यात."

"सरांना काय," रिक्षावाला म्हणाला, "त्यांना लावायला मिशीच न्हाय."

सगळे हसले. मीही हसलो. माझ्या ओठांवर तेव्हा दुधाचा फेस लागलेला होता, म्हणजे मिशी अगदीच नव्हती असं नाही. मी तो रुमालाने पुसला. तेव्हा मला म्हणता आलं असतं, की पैलवान, थांबा, माझा अंदाज हा नुसता अंदाज आहे, आबा हयात असताना त्यावर मिशी लावू नका. मी म्हणालो, "काळजी नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे रंकाळ्यावर फिरायला गेलो. तिथे आमचा पाचसहा जणांचा गट आहे. त्यातले थोरले म्हणजे अण्णा. मूळचं शिरोळकडचं जैन शेतकरी घराणं, शहरात धान्याचं दुकान, स्वभाव भिडस्त आणि हळवा. अण्णा दुसऱ्या बाजूचे. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा सावकाश चालत होते.

"सर, खरं सांगा की," ते म्हणाले. "आमच्या माणसाचं काय खरं न्हाय म्हणं? झोप न्हाय मला."

त्यांचा चेहरा पडलेला होता. मी लगेच इतिहास काढला. आदल्या संध्याकाळी काढलेलाच इतिहास, फक्त दुसऱ्या टोकाकडून. ज्या निकालांवरून मी कट्ट्यावर पैलवानांचा माणूस निवडून आणला होता, त्याच निकालांवरून तळ्याची एक फेरी पूर्ण व्हायच्या आत अण्णांचा आणला. अण्णांची चाल सुधारली. घरी जाताना त्यांनी मला नारळपाणी पाजलं.

आता यातली नको वाटणारी गोष्ट सांगतो. मी स्वतःला असं समजावत होतो, की मला दोन्ही वेळेला खरंच तसं वाटलं. थोडं वाटलंही असेल. पण नारळाचं पाणी पिताना माझ्या मनात स्पष्ट आलं होतं, की दोघांपैकी एक तर येणारच, म्हणजे मी एकीकडे तरी बरोबर ठरणार. हा विचार आला आणि मला बरं वाटलं. मिशीची आठवण त्यात नव्हती.

मतदानाच्या दिवशी आबांनी गल्लीला करमणूक पुरवली. इतक्या वयाच्या लोकांना घरीच मत देण्याची सोय होती, पण त्यांनी ती आधीच नाकारली होती. "मत काय लस हाय व्हय, घरी येऊन टोचायला?" पैलवानांनी त्यांना उचलून रिक्षात बसवलं. रिक्षा त्याच पैजेवाल्याची. परत येताना त्याने विचारलं, "आबा, कुणाला दिलंसा?" आबा म्हणाले, "तुझ्या रिक्षात बसलो म्हणून तुला सांगू व्हय? मग बैलगाडीत बसून गेलतो तवा बैलाला सांगाय पायजे हुतं." दारात उतरल्यावर त्यांनी शाईचं बोट सगळ्यांना दाखवलं. मग नेहमीप्रमाणे मुलाच्या तोंडावरून हात फिरवला. डोळे गेल्यापासून ते माणसाला असेच ओळखायचे, आणि मुलाला तर मिशीवरून.

निकालाच्या दिवशी मी अण्णांच्या घरी गेलो. का गेलो? वारं कुठं आहे ते मला आठवडाभर आधीच समजायला लागलं होतं. पैलवानांनी सकाळी हाक मारली होती, "सर, हिकडं या की टीव्ही बघाय." मी म्हणालो, कॉलेजात काम आहे. दुपारपर्यंत चित्र साफ झालं. पैलवानांचा माणूस पडला. काठावर नाही, निवांत पडला.

अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. जमलेल्यांना ते सांगत होते, "सरांनी रंकाळ्यावर सांगितलंवतं मला. सगळी हवा उलटी असताना सांगितलंवतं. ह्याला म्हणायचं अभ्यास." त्यांनी गुलालाची मूठ घेतली. मी "नको, नको" म्हणालो आणि मान जरा खाली केली, म्हणजे त्यांचा हात कपाळापर्यंत पोचावा. कपाळ, केस, पांढरा सदरा, सगळं गुलाबी झालं. पेढे खाल्ले. माझे दोन फोटो निघाले. त्या दोन तासांत मला कट्टा एकदाही आठवला नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठवला होता. म्हणून मी आणखी एक पेढा खाल्ला.

घरी परतताना गल्लीच्या तोंडाशी न्हाव्याचं दुकान लागतं. दारात माणसं उभी होती. आत खुर्चीवर पैलवान बसले होते, गळ्याभोवती पांढरं कापड, आणि न्हावी वस्तरा हातात घेऊन नुसता उभा होता. पैज जिंकलेला रिक्षावाला बाजूला कावराबावरा होऊन बोलत होता.

"पैलवान, मला पावली पैज. गल्लीत सांगतो मी पावली म्हणून. सोडा की."

"शब्द दिलाय."

"अवो, थट्टंत दिलेला शब्द हाय. म्हातारं हाय घरात."

"काढ रं," पैलवान न्हाव्याला म्हणाले.

मला मागच्या मागे फिरायचं होतं, पण समोर आरसा होता. पैलवानांनी मला आरशात पाहिलं. माझं कपाळ पाहिलं, सदरा पाहिला. बराच वेळ पाहिलं.

"सर," ते म्हणाले, "गुलाल लागलाय तुम्हाला."

"हो," मी म्हणालो. "वाटेत मिरवणूक लागली."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मी तिथून निघालो. घरी आल्यावर बायकोने सदरा बघितला आणि भिजत घालायला मागितला. मी तिलाही मिरवणुकीचंच सांगितलं. ती म्हणाली, "मिरवणुकीने पेढेही चारले का? मिशीला लागलेत. म्हणजे मिशीच्या जागेला."

संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. पैलवान आबांना खुर्चीवरून उचलून पलंगावर ठेवत असावेत, कारण ती त्यांची रोजची वेळ.

"कोण हाय रं?"

"मीच की आबा."

"तू न्हवं. तोंड इकडं कर." आबांचा हात नेहमीप्रमाणे तोंडावरून फिरला असणार. मग आबांचा आवाज, अगदी साधा, चौकशी केल्यासारखा. "मी कवा गेलो?"

"आबा..."

"न्हाय, गेलो असणार. त्याबिगर पोरगं मिशी काढंल व्हय? मला कुणी कळीवलं न्हाय एवढंच."

मी भिंतीच्या अलीकडे हसलो. खरंच हसलो, इतकं ते त्यांच्या ढंगाचं होतं. मग पैलवान म्हणाले, "आबा, पाणी घ्या," आणि आबा म्हणाले, "मेलेला माणूस पाणी पीत न्हाय." त्यानंतर तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला आणि माझं हसू राहिलं.

पुढचं मला बायकोकडून समजत गेलं, कारण ती रोज त्यांच्याकडे जायची आणि मी जात नव्हतो. पैलवानांनी पैजेचं सांगितलं होतं. आबांनी विचारलं, "कुणाच्या भरवशावर लावलीस?" पैलवान म्हणाले, "माझ्याच." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. आबा म्हणाले, मग तू मला जिता सोडून उमेदवारावर मिशी लावलीस, म्हणजे तुला माझी घाई झाली असणार. तेव्हापासून ते मुलाच्या हातचं पाणी पीत नव्हते, जेवणही घेत नव्हते. सुनेच्या हातचं चालायचं. "सुनंनं मला मारलं न्हाय," ते म्हणायचे, "पोरानं मारलं." नव्वदी ओलांडलेल्या माणसाची ही गंमत आहे, आज ना उद्या विसरतील, असं सगळ्यांना वाटलं. ते विसरले नाहीत. पैलवान कामावरून आले की दारातच थांबायचे. ज्या माणसाने बापाला रोज आंघोळ घातली, त्याला बाप आता अंगाला हात लावू देत नव्हता. रोज संध्याकाळी तांब्या भरून जवळ न्यायचा आणि तसाच परत आणायचा, हे काही त्यांनी सोडलं नाही. मला भिंतीतून ते ऐकू यायचं. मी चॅनेलवरच्या चर्चेची तयारी करत बसायचो.

मी माफी मागायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा पैलवान दारात भेटले, तेव्हा मी म्हणालो, "पैलवान, यंदा मतदारांमधला अंतःप्रवाह ओळखण्यात जरा गफलत झाली."

"असू दे सर," ते म्हणाले. "मतदान हाय. कुणाला कळतंय?"

मला फार मोकळं वाटलं. मी घरात येऊन बायकोला सांगितलं, की पैलवानांच्या मनात काही नाही. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुम्ही चॅनेलवर जेवढं बोलता, त्याच्या पाव हिश्श्याने शेजारी बोललात तर पुरे."

चॅनेलने निकालाचा अर्थ सांगायला बोलावलंच. निवेदकाने विचारलं, "सर, हा निकाल धक्कादायक म्हणायचा का?" आणि मी, या हातांनी, म्हणजे या तोंडाने, म्हणालो, "अजिबात नाही. या मतदारसंघाचा इतिहास जाणणाऱ्याला हा निकाल अपेक्षितच होता." मी हे का बोललो, याचं उत्तर माझ्याकडे आहे. पट्टी खाली फिरत होती आणि ती खरी ठरवायची होती.

आबांना दिसत नाही, पण टीव्ही ते ऐकतात. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सून येऊन म्हणाली, "सर, आबांनी बोलीवलंय."

मी गेलो. आबा खुर्चीत होते. पैलवान दाराशी, जिथे ते हल्ली बसायचे तिथे. मिशीची जागा भरू लागली होती, पण खुंट सगळे पांढरे आले होते, आणि त्या पांढऱ्या खुंटांमुळे ते आबांचे धाकटे भाऊ वाटत होते.

"मास्तर," आबा म्हणाले, "काल ऐकलं तुमचं. तुम्हाला आधीच ठावं हुतं व्हय, कोण येतोय ते?"

मी अडकलो. हो म्हणावं, तर पैलवानांना जाणूनबुजून फसवलं. नाही म्हणावं, तर काल टीव्हीवर सगळ्या जिल्ह्यासमोर खोटं बोललो. मी काहीतरी तिसरं शोधत होतो, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे ते सापडलंही असतं. तेवढ्यात दाराशी बसलेले पैलवान म्हणाले, "आबा, टीव्हीवर तसंच बोलाय लागतंय. त्यांचं ते कामच हाय."

ते मला वाचवत होते. मिशी गेलेला, बापाने दूर केलेला माणूस मला वाचवत होता, कारण माझा चेहरा पडलेला त्याला बघवला नसावा. ही खोड त्यांच्याकडेही होती तर. फक्त त्यांनी तिची किंमत स्वतः मोजली होती.

मी आबांना सगळं सांगितलं. कट्टा, "निवांत", "काळजी नको." मग रंकाळा, अण्णा, नारळपाणी. मग गुलाल, आणि वाटेत कुठलीही मिरवणूक नव्हती हे. पैजेच्या वेळी मी तिथे पेला घेऊन उभा होतो आणि आबा हयात आहेत याची दूधवाल्याला आठवण झाली, मला झाली नाही, हेही.

आबा ऐकत होते. मधे एकदाच म्हणाले, "हळू सांगा, पळायचं न्हाय कुठं."

माझं सांगून संपलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते.

"म्हंजी तुम्ही दोघांनाबी निवडून आणलंसा."

"हो, आबा."

"लई उशिरा जन्माला आलासा मास्तर. तवाच्या काळात हितनं दोन खासदार जात हुते. तुमचं बरूबर आलं असतं."

हे माझ्याच लेखात होतं. पहिल्या पानावर. मलाही हसू यायला लागलं होतं, तेव्हा ते थांबले.

"तर मग मला ह्यानं मारलं न्हाय," ते म्हणाले. "तुम्ही मारलं."

"हो," मी म्हणालो. या वेळी 'एका अर्थाने' असं म्हणालो नाही. "आबा, मला..."

"मला नका सांगू. मी म्हातारा माणूस, मला काय, आज हाय उद्या न्हाय. मिशी त्याची गेली. आन् हितं चार भिंतीत नगं. पैज कुठं लागली?"

"दूधकट्ट्यावर."

"मग तिथं जाऊन सांगा. जेवढी माणसं तवा हुती तेवढ्यांच्या म्होरं." मग दाराच्या दिशेने तोंड करून म्हणाले, "तू बी जा रं ह्यांच्यासंगं. आल्यावर पाणी दे मला. तहान लागलीया."

 पैलवानांनी तांब्या उचलून बघितला, भरलेला आहे का ते.

संध्याकाळी निघायची वेळ झाली. मी काय बोलायचं ते आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. दोन्ही वेळा त्यात 'परिप्रेक्ष्य' हा शब्द आला. बायकोने बाहेरून विचारलं, "चॅनेलवर चाललाय का कट्ट्यावर?"

कट्ट्यावर नेहमीची माणसं होती. आम्हा दोघांना बरोबर बघून रिक्षावाल्याने पेला खाली ठेवला. दूधवाल्याने माझ्यापुढे पेला केला, मी नको म्हणालो. पैलवान माझ्याशेजारी उभे राहिले, जमिनीकडे बघत, जणू चूक त्यांचीच होती.

"मला सगळ्यांसमोर काही सांगायचंय," मी म्हणालो. "आपल्या मतदारसंघाचा इतिहास पाहिला, तर..."

"सर," रिक्षावाला म्हणाला, "भाषण नगं. काय झालंय ते सांगा की."

त्याचं बरोबर होतं. मी पैलवानांकडे वळलो. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांच्या तोंडाकडे असं सरळ कधी बघितलं नसेल.

"पैलवान, तुमचा माणूस येणार का नाही, मला माहीत नव्हतं. तरी मी तुम्हाला येतोय म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला त्याचा येतोय म्हणालो. तुम्ही मिशी लावलीत तेव्हा मी इथेच उभा होतो, आणि गप्प बसलो. तो गुलाल मिरवणुकीचा नव्हता, मी मान खाली करून लावून घेतलेला होता. आबांच्या हयातीत तुमची मिशी माझ्यामुळे गेली. माझं चुकलं. मला माफ करा."